व्होल्टेजचा काटा आणि तीनचा खेळ

आमच्या घरात होम थिएटर आलं आणि पुढचे एक्काहत्तर दिवस ते बंद राहिलं. ते बिघडलं होतं असं कोणी समजू नये. बिघडू नये म्हणून मी ते लावलंच नव्हतं. या एका गोष्टीपायी मला घरात आणि बाहेर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून हे लिहितो आहे.

मूळ दोष दुकानातून आलेल्या माणसाचा. त्याने पाच खोकी उघडली, स्पीकर भिंतींवर ठोकले, वायरी सतरंजीखालून नेल्या, माझी सही घेतली आणि चपला घालता घालता म्हणाला, "व्होल्टेज तेवढं बघा हं. कमी-जास्त झालं तर आतलं बोर्ड उडतं. ते वॉरंटीत बसत नाही."

माणूस चपला घालताना जे बोलतो तेच खरं असतं, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे. मी विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. 'सदर नुकसान पॉलिसीत बसत नाही' हे वाक्य मी आजवर इतक्या घरांत पाठवलं आहे की ते कधीतरी माझ्या दारात येणारच होतं. आलं. मी प्लग काढला, वायरीची गुंडाळी केली आणि तिला वर रबर लावून ठेवलं.

आमच्या भागात वीज जात नाही. गेली तर बरं, माणूस पंखा हातात घेऊन निवांत बसतो. आमच्याकडे ती असते आणि नसतेही. सकाळी दिवे असे लख्ख की डोळे मिटावेत. दुपारी ठीकठाक. आणि इमारतीच्या पाण्याचा पंप सुरू झाला की ट्यूबलाइट आजारी माणसासारखी डोळे उघडते आणि मिटते, फ्रीज कण्हतो. आणि पंप बंद झाला की सगळं एकदम उसळतं. अशा विजेच्या हातात मी ते मशीन द्यायचं?

एक सांगायचं राहिलं. हे होम थिएटर मी स्वतःसाठी घेतलं नव्हतं. माझी करमणूक पेपरातल्या आगीच्या बातम्यांवर भागते. ते बाबांसाठी होतं. बाबा चौतीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे पडद्यावर सिनेमा दाखवणारा माणूस. तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. लोकांना वाटतं, या माणसाने सगळे सिनेमे फुकटात पाहिले असणार. वास्तविक केबिनमध्ये दोन मशीनं, त्यांचा खडखडाट असा की शेजारी उभं राहून हाक मारली तरी ऐकू येऊ नये. तिथला छोटा स्पीकर कायमचा बिघडलेला. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जातील तशा सरकवायच्या, रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवरचं सुरू करायचं, आणि भिंतीतल्या वीतभर खिडकीतून चित्र नीट पडतंय ना एवढं बघायचं. बाबांनी चौतीस वर्षं सिनेमा पाहिला तो मुका. आणि कान गेले तेही त्या खडखडाटानेच, असं डॉक्टरांचं मत पडलं.

त्यातला एक सिनेमा पंचवीस आठवडे चालला होता. त्यात शेवटी एक म्हातारा भांडण करून घर सोडून निघतो, दारापर्यंत जातो, आणि त्याची बायको आतून काहीतरी म्हणते. एकच वाक्य. नेमकं त्याच वेळी शेवटचं रीळ सुरू करायचं असे, म्हणजे दोन्ही मशीनं एकदम चालू. बाबा खिडकीतून खाली बघत, तर सगळं थिएटर रुमाल काढून बसलेलं. दिवसाला तीन खेळ, पंचवीस आठवडे, आणि बाई काय म्हणाली ते ऑपरेटरला ठाऊक नाही! दरवानाला विचारणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. आई मैत्रिणींबरोबर दोनदा पाहून आली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "सांगण्यात मजा नाही. एकदा खाली येऊन बसा आणि स्वतः ऐका." खाली बसायचं तर रजा हवी, आणि ऑपरेटरच रजेवर गेला तर खेळ कोण करणार? सिनेमा उतरला. पुढे थिएटरही पाडलं. आई गेली. सांगायचं राहूनच गेलं.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाबांचा डावा कान गेल्याचं सांगितलं आणि उजव्याला तीन महिने दिले, फार तर चार. कानाला लावायच्या यंत्राने नुसता गोंगाट वाढतो म्हणाले. "जे ऐकायचं असेल ते ऐकून घ्या." माझ्या बायकोने हे बाबांना उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग तेवढी ती बाई काय म्हणते ते ऐकतो."

तो सिनेमा टीव्हीवर कधी लागला नाही. जुन्या बाजारात चार रविवार घालवून मी त्याची डिस्क मिळवली. आमच्या साध्या टीव्हीचा आवाज बाबांपर्यंत पोचेना, म्हणून हे मोठ्या आवाजाचं थिएटर घेतलं. आणि मग प्लग काढून ठेवला. यात विसंगती आहे हे मला कळत होतं. पण बोर्ड उडालं असतं तर सिनेमाही गेला असता आणि सेटही, आणि दुसरा घ्यायची माझी ऐपत नव्हती.

सल्ला द्यायला पहिले आले समोरचे ओव्हरसियर. हे गृहस्थ निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी देखरेख सोडत नाहीत. आमच्याकडे नवीन बादली आली तरी ते तळ बघून जातात. त्यांनी हात मागे बांधून सगळे स्पीकर पाहिले आणि म्हणाले, "ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर लावा. दुसरा विचारच करू नका."

"माझा बूस्टर आहे की खाटेखाली," बाबा म्हणाले.

बाबांचा बूस्टर म्हणजे एक लोखंडी पेटी. थिएटर पाडलं तेव्हा मालकांनी सगळ्यांना सांगितलं, आठवण म्हणून एकेक वस्तू न्या. शहाण्या लोकांनी खुर्च्या नेल्या. बाबांनी आवाजाच्या मशीनला जोडलेला हा हाताने फिरवायचा बूस्टर आणला. वर एक मीटर, मीटरात काटा, खाली गोल मूठ. काटा पडला की मूठ पुढे, चढला की मागे. लहानपणी मी डबा घेऊन केबिनमध्ये जात असे, तेव्हा बाबा मला फिल्मच्या रिकाम्या पेटीवर चढवून खिडकीशी उभं करत. मी चित्र सोडून त्यांच्याकडेच बघू लागलो की म्हणत, "तू चित्र बघ. मी काटा बघतो."

"बाबा, हे नाजूक मशीन आहे," मी मोठ्याने म्हणालो. "ते दिवस गेले."

बाबांनी पेपर उघडला. ऐकू आलं नसेल असं मी तेव्हा धरून चाललो.

स्टॅबिलायझर आला. त्याचा स्वभाव फार तडकाफडकीचा निघाला. व्होल्टेज जरा हललं की तो 'टक्' करून सगळं तोडायचा आणि तीन मिनिटं विचार करून परत जोडायचा. सुरक्षित म्हणून मी त्यावर आधी टेबलावरचा दिवा लावून पाहिला. बायकोने एका संध्याकाळी मोजलं, तासात एकवीस टक्. तिच्या म्हणण्याप्रमाणे असल्या दिव्याखाली भाजी निवडली तर निम्मी अळ्यांसकट पोटात जाते.

"हा तुटतोय म्हणजे अर्थिंगमध्ये घोळ आहे," ओव्हरसियर म्हणाले. "आमच्या वायरमनला बोलवा."

वायरमन अबोल आणि अत्यंत खिन्न माणूस होता. त्याने टेस्टर लावला, मान हलवली, दुसऱ्या खोलीत लावला, मान हलवली, आणि शेवटी आम्हाला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे."

"म्हणजे?"

"अर्थिंगची वायर भिंतीत जाते. पुढे कुठे जात नाही. सगळ्या बिल्डिंगचं तसंच आहे." मग तो खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं. आम्ही त्या इमारतीत सोळा वर्षं राहत होतो. मला एकदम सगळी इमारत मोकळी करून माणसांना सुरक्षित स्थळी हलवावंसं वाटलं. बायको म्हणाली, सोळा वर्षं मेलो नाही, आता चहा तरी घेऊ द्या त्यांना.

उपाय एकच होता. आवारात माणूसभर खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा, आणि पट्टीपासून आमच्या घरापर्यंत वायर. खड्डा म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेणं आलं. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला. ते म्हणाले, खड्ड्याचा नकाशा जोडा. खड्ड्याचा नकाशा म्हणजे एक गोल! मी गोल काढून दिला. ते म्हणाले, सभेपुढे ठेवावा लागेल.

सभेत तेवीस माणसं होती आणि त्यांतली वीस विजेची जाणकार निघाली. एक जण म्हणाले, खड्ड्यामुळे आकाशातली वीज आवारात ओढली जाईल. दुसरे म्हणाले, जाईल कशी, ती तर त्यांच्या घरात जाईल, आपल्याला काय. तळमजल्यावरच्या काकूंना करंट कुंड्यांतून वर येण्याची भीती होती. त्यांना मी बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून समजावलं की कुंडीला तळ असतो. एका गृहस्थांनी विचारलं, "सगळं ठीक आहे, पण एवढं करून लावणार काय?"

"सिनेमा," मी म्हणालो.

त्यावर सभेत जो हशा झाला तो इतिवृत्तात नोंदलेला नाही, पण माझ्या छातीत आहे. अठरा विरुद्ध चार मतांनी खड्डा मंजूर झाला. विरोधातलं एक मत ओव्हरसियरांचं होतं. जागा चुकली, असं त्यांचं म्हणणं.

अर्थिंग झालं, पण जाताना वायरमन चपला घालू लागला तेव्हाच मी सावध झालो. "रोज पाणी घाला," तो म्हणाला. "ओल राहिली तरच अर्थिंग धरतं." मी ऑफिसला जाणारा माणूस. ते काम बाबांनी मागून घेतलं. रोज सकाळी साडेनऊला हे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ झारी घेऊन दोन जिने उतरायचे आणि मोकळ्या मातीत दोन झाऱ्या पाणी घालून, ते मुरेपर्यंत उभे राहायचे. काकूंनी कौतुकाने विचारलं, "काय लावलंय हो आजोबा?" काकू विसरल्या होत्या. बाबा म्हणाले, "अजून लावलं नाही. माझा मुलगा लावेल."

हे मला काकूंनीच सांगितलं. मला ते लागलं, पण मी लागू दिलं नाही, कारण त्याच दिवशी मला वीज कार्यालयात जायचं होतं.

तिथल्या बाई सभ्य होत्या. कमी व्होल्टेजची तक्रार म्हटल्यावर त्यांनी एक छापील तक्ता दिला. पंधरा दिवस, दिवसातून सहा वेळा, व्होल्टेज मोजून भरायचं. तक्ता भरायला पुन्हा बाबाच बसले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. पंप सुरू होण्याच्या वेळा त्यांनी वेगळ्या शाईने लिहिल्या होत्या. एकशे साठ. एकशे पंचावन्न. दोनशे चौसष्ट. हा तक्ता घेऊन एक साहेब तपासणीला आले ते सकाळी अकरा वाजता, जेव्हा आमच्याकडची वीज एखाद्या सज्जनासारखी वागते. मीटर लावला. दोनशे एकतीस.

"उत्तम आहे," साहेब म्हणाले. "कुठलं उपकरण जळालं?"

"जळालं नाही अजून."

"मग बिघडलं?"

"नाही. मी ते लावलेलंच नाही."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी स्वतः ती टेबलापलीकडच्या लोकांवर बावीस वर्षं वापरतो आहे. "लावलं नाही, जळालं नाही, आणि व्होल्टेज उत्तम," असं म्हणत त्यांनी कागदावर लिहिलं, 'तक्रार निराधार.' आणि वर मला सही करायला लावली. त्या दिवशी ऑफिसात मी तीन क्लेम मंजूर केले. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून तब्येत विचारली.

आता राहिला होता यूपीएस. तोही आणला. वीज हलली की तो बॅटरीवर जाई आणि शिट्टी मारत बसे. आमच्याकडे वीज स्थिर नाहीच, तेव्हा शिट्टी कायमची झाली. शिवाय तपासायला म्हणून त्यावर मोठा स्पीकर जोडल्याबरोबर तो एकच लांब सूर काढून निपचित पडला. ओव्हरसियर म्हणाले, याच्यापेक्षा मोठा घ्या. स्टॅबिलायझरच्या पुढे यूपीएस, यूपीएसच्या पुढे आणखी एक स्टॅबिलायझर. मी वहीत आकृती काढायला लागलो.

मी ती आकृती काढत असतानाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. बाबा माझ्यासमोर, कुकरपासून चार पावलांवर बसले होते. दुसरी झाली. तिसरी झाली. बायको बाहेरचे वाळलेले कपडे काढून आत आली तेव्हा पाच झाल्या होत्या.

"बाबा, गॅस बंद करायला सांगितलं होतं ना मी? तीन शिट्ट्या झाल्या की?"

"झाल्या का?" बाबा म्हणाले. "मी वाटच बघतोय."

बायकोने गॅस बंद केला. मग ती माझ्या टेबलाशी आली. ती सहसा आवाज चढवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही.

"अहो, वीज सांभाळताय. कान कोण सांभाळणार? त्याला कुठलं मशीन जोडणार आहात?"

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की नुकसान कधी झालं ती तारीख महत्त्वाची. आणि माझ्या घरात नुकसान रोज थोडं थोडं होत होतं, सकाळ-संध्याकाळ, कुठलंही बोर्ड न उडता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वही मिटली आणि म्हणालो, "रविवारी. तीनचा खेळ."

रविवारी तीन ते सहा पंप बंद ठेवावा असं मी सेक्रेटरींकडून लेखी घेतलं. पावणेतीनला माणसं येऊ लागली. मी कोणाला बोलावलं नव्हतं. पण सभेत पास झालेला सिनेमा बघणं हा आपला हक्क आहे असं त्यांना वाटत असावं. काकू आल्या, सेक्रेटरी आले, कोपऱ्यात वायरमन स्वतःच्या कामाच्या काळजीने येऊन बसला. ओव्हरसियर तर स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि ती त्यांनी बरोबर बाबांच्या डाव्या हाताला मांडली. बाबांची खुर्ची मी पुढे, मधल्या स्पीकरच्या इतकी जवळ ठेवली होती की त्यांचा उजवा कान जवळजवळ त्याला टेकत होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी वायरीच्या गुंडाळीचं रबर काढलं, प्लग लावला. डिस्क घातली. नावं सुरू झाली, घर हादरलं, बाबांनी मान वर केली. आणि टक्.

तीन मिनिटं अंधार. पुन्हा नावं. टक्. पंप बंद असूनही कुठल्यातरी घरात इस्त्री, कुठे गिझर. तिसऱ्या वेळी नावंही पुरी झाली नाहीत. "मी म्हटलं होतं, जागा चुकली," ओव्हरसियर म्हणाले. कोणीतरी हसलं. मी घामाघूम होऊन स्टॅबिलायझरसमोर उकिडवा बसलो होतो, आणि मला खांद्याला धरून कोणीतरी बाजूला सारलं.

बाबा होते. हातात लोखंडी पेटी. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, फडक्याने काच पुसली, वायरमनकडे बघून नुसती मान हलवली. वायरमन उठला, स्टॅबिलायझर काढला आणि बूस्टर जोडून दिला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच मला प्रसन्न दिसला. बाबा स्टुलावर बसले, मूठ धरली. पेटीतून घूं असा आवाज निघाला. काटा थरथरला आणि दोनशे वीसवर उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला आणि चालू राहिला. काटा पडायच्या आधीच बाबांचा हात हलायचा. त्यांना ते कशावरून कळायचं ते मला अजून कळलेलं नाही. काकू हसल्या, सेक्रेटरी हसले, बायको तोंडाला पदर लावून बसली. फक्त मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. मी मागे वळून बाबांकडे बघत होतो. त्यांची पाठ सिनेमाकडे होती. उजवा कान भिंतीकडे होता आणि स्पीकरजवळची त्यांची खुर्ची रिकामी. एवढा खड्डा खणून, एवढ्या सह्या करून मी त्या माणसाला पुन्हा केबिनमध्ये नेऊन बसवलं होतं.

मध्यंतर झालं. लोक पाय मोकळे करायला उठले. मी स्टुलापाशी गेलो.

"बाबा, उठा."

"हं?"

मी उजव्या कानाशी वाकलो. "तुम्ही चित्र बघा. मी काटा बघतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ लगेच सोडली नाही. "खाली आला तर घाबरू नको," ते म्हणाले. "हळूहळू पुढे ने. पण पंप बंद झाला की एकदम वर उसळेल, तेव्हा झटकन मागे घ्यायचा. खाली गेलेलं मशीन सहन करतं. वर गेलेलं नाही." मग माझा हात धरून मुठीवर ठेवला आणि जाऊन पुढच्या खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत ते पहिल्यांदा खाली बसले होते.

उत्तरार्ध मी पाहिला नाही. पेटीच्या घूंमध्ये मला धड काही ऐकूही येत नव्हतं. मला एवढंच ठाऊक की काटा बारीक आहे, काळा आहे, आणि डोळ्याची पापणी लवली की हलतो. सव्वापाच वाजता तो एकाएकी पडू लागला. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठ. खाली पंप सुरू झाला होता. काकूंच्या सुनेला नळाला पाणी दिसलं नाही, तिला लेखी परवानगीबद्दल काय माहीत! मी मूठ पुढे नेली, आणखी पुढे, पार शेवटाला टेकवली. काटा कसाबसा वर आला. आता पंप बंद होईल तेव्हा हा सगळा जोर एकदम सेटवर येणार होता. मागे खोलीत सगळे गप्प झाले होते, त्यावरून मी ओळखलं की म्हातारा दाराकडे निघाला आहे.

आणि खालचा आवाज थांबला.

"पंप बंद झाला!" ओव्हरसियर उभे राहून ओरडले. "मागे घ्या! अहो, मागे घ्या!"

मी घेतलाच होता. काटा दोनशे पन्नासला शिवला आणि परत आला, डोलला, आणि दोनशे वीसवर थांबला. काही उडालं नाही. मी श्वास सोडला तेव्हा काकू कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अहो, ती काय म्हणाली? तुमच्या ओरडण्यात गेलं ना ते!"

कोणालाच ऐकू आलं नव्हतं. सेक्रेटरींना नाही, बायकोला नाही, वायरमनलाही नाही. मी वळून पुढे पाहिलं. ओव्हरसियर ओरडले होते ते बाबांच्या डाव्या कानात, आणि त्या कानात आता काहीच जात नाही. उजवा स्पीकरला टेकलेला होता. बाबा हलले नव्हते. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून सावकाश रुमाल काढला.

"मागे घेऊन परत लावा की," सेक्रेटरी म्हणाले.

"आजोबांना विचारा," काकू म्हणाल्या आणि खुणेनेच विचारलं.

बाबांनी डोळे पुसले. "सांगण्यात मजा नाही," ते म्हणाले. "एकदा स्वतः ऐका."

सिनेमा संपला. सहा वाजले होते. लोक उठले, ओव्हरसियर अपराधी चेहऱ्याने खुर्ची उचलून दाराकडे निघाले. बाबा त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. हल्ली स्वतःचं ऐकू येत नसल्याने ते सगळं फार मोठ्याने बोलतात. पण त्या वेळी ते अगदी हळू म्हणाले, "जेवून जा."

"आता? सहा वाजता?" ओव्हरसियर गोंधळले. "नको नको, आमच्याकडे झालाय स्वयंपाक." आणि खुर्ची घेऊन समोरच्या दारात शिरले. बायकोने आतून माझ्याकडे घाबरून पाहिलं, कारण घरात तिघांपुरतंच होतं.

मी बाबांच्या उजव्या बाजूला गेलो आणि कानाशी विचारलं, "बाबा, ती बाई काय म्हणाली?"

"हेच," बाबा म्हणाले. दाराची कडी लावता लावता ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"तू काटा सोडून आलास?"